परस आणि तलाव : वडूज–येरळवाडीच्या पक्षीनोंदी

९ जून २०२४, रविवार

आजपासून वही सुरू. पुढच्या बाजूने ‘परस’, मागच्या बाजूने ‘तलाव’. परस म्हणजे आमच्या घरामागची जागा. तिथे कडुलिंब, शेवगा, पेरू, कडेला जास्वंद, वांग्या-मिरच्यांचा वाफा आणि न्हाणीचं पाणी जातं त्या चरीला अळू-केळी. तलाव येरळवाडीचा. येरळा आमच्याच खटाव तालुक्यात उगवते, वडुजावरून जाते, येरळवाडीला अडवली आहे आणि पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते.

परसात रोज सकाळी पंधरा मिनिटं बसायचं. तलावावर रविवारी जायचं, त्याच वाटेने, त्याच चार जागी थांबून. पक्षी, संख्या, वेळ, हवा. तलावाच्या पानावर एक रकाना जास्तीचा ठेवलाय : पाणी कुठवर आहे. मला वाटतं, याच रकान्यातून सगळ्यात जास्त कळणार आहे. रोहित पक्षी एखाद्या साली येतात, एखाद्या साली फिरकतही नाहीत, आणि गावात म्हणतात, ‘यंदा रुसली पाखरं.’ पाखरं रुसत नाहीत. त्यांच्या पायांना आणि चोचीला जेवढं पाणी लागतं तेवढं असलं तर ती उतरतात. ते ‘तेवढं’ म्हणजे किती, हे मला वर्षभरात वहीत पकडायचंय.

खुणेसाठी काठापासून थोडी आत एक वाळकी बाभूळ आहे. पाण्यात उभी राहून वाळलेली. तिला खालून दोन बेचक्या आहेत. आज ती मुळापर्यंत उघडी आहे. तलावाच्या मधोमध उरलेल्या पाण्यात ढोकऱ्या, राखी बगळे, काळे शराटी. चिखलाच्या कडेला शेकाट्यांची दोन पिल्लं आईबापांच्या आरड्याओरड्यात पळत होती.

२३ जून

पहाटे चारच्या सुमारास पावशा ओरडायला लागला, ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. उजाडेपर्यंत थांबला नाही. बाजरीच्या पेरण्या चालू आहेत.

तलावाकडे जाताना विजेच्या तारेवर चातक! वर काळा, खाली पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा ठिपका. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून येतो. गोष्टीतला चातक चोच वर करून पावसाचा थेंब झेलतो. तारेवरचा हा चातक मात्र खाली उतरून केसाळ सुरवंट उचलत होता. दोन उचलले, तारेवर आपटून गिळले. पावसाळ्यात सुरवंटांना तोटा नाही, शिवाय याच दिवसांत सातभाईंची घरटी असतात आणि चातकाची मादी अंडी घालते ती सातभाईंच्या घरट्यात. इतक्या लांबून नेमकं याच वेळी का यायचं, ते त्याने आज तारेवर बसूनच दाखवलं.

पाणी : बाभळीच्या मुळाशी ओल.

१४ जुलै

शिंपी पक्ष्याने वांग्याच्या वाफ्यात पान शिवायला घेतलंय. आज तलाव राहू दिला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले. खिडकी ते वाफा जेमतेम चार हात, दुर्बिणीची गरजच नाही.

पान जुनं नाही, कोवळंही नाही, मधल्या वयाचं आणि चांगलं रुंद. मादी पानाच्या काठाशी उलटी लटकते, चोचीने भोक पाडते, थांबते, दुसऱ्या काठाला तसंच भोक पाडते. मग धागा आणते. कधी कोळ्याच्या जाळ्याचा, कधी कापसाचा. तो एका भोकातून आत सारते, दुसऱ्या बाजूने ओढून घेते. गाठ मारत नाही. भोकाच्या बाहेर कापूस सुटून फुगतो आणि तो फुगाच परत आत सरकत नाही, त्यावर टाका धरून राहतो. दहापर्यंत दोन्ही काठ जवळ आले आणि पानाची पुडी झाली. दुपारी तिच्यात मऊ अस्तर भरायला सुरुवात. पानाची हिरवी बाजू बाहेर राहिलीय, त्यामुळे वाफ्यात उभं राहिलं तरी ते घरटं आहे हे कळत नाही.

आत्या (माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याच म्हणतो) वाती वळायला बसल्या होत्या. त्यांनी त्यातले कापसाचे चार पुंजके तुळशीच्या कट्ट्यावर ठेवले. तासाभरात गेले. “त्या झाडाची वांगी आता तोडायची न्हाईत,” त्यांनी घरात जाहीर केलं, “बाजारातनं आणा.”

साधारण बारा दिवस अंडी उबवायला, पुढे दोन आठवडे पिल्लं उडायला. तोवर वाफ्याला पाणी चरीनेच द्यायचं, वरून नाही.

९ ऑगस्ट, नागपंचमी

आमच्याकडे पतंग संक्रांतीला नाही, नागपंचमीला उडतात. सकाळी लिंबाच्या शेंड्याला गायबगळा पंख अडकून लोंबकळत होता. मामंजींनी वेळूच्या काठीला विळा बांधून फांदीच कापली, म्हणून तो मांज्याने आणखी चिरला नाही. जे मांजा ओढून काढायला जातात त्यांच्या हातून पंखाची कातडी जाते. आधी डोक्यावर फडकं टाकायचं. अंधार झाला की पक्षी शांत होतो. मग एकेक वेढा बारीक कात्रीने कापायचा. चोचीपासून तोंड लांब ठेवायचं, बगळा डोळ्यावर मारतो. खोक्यात झाकून ठेवला. संध्याकाळी झाकण काढलं तर एकदम उठून शेजारच्या गोठ्यावर जाऊन बसला, मग ओढ्याकडे गेला.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर बंदी घातली आहे. तरी पोरांच्या आसाऱ्यांवर तो दिसतोच. लेकीने गल्लीतल्या पोरांना बोलावून कापलेले तुकडे आणि रक्ताचं फडकं दाखवलं. तिघांनी आपल्या आसाऱ्या रिकाम्या केल्या. झाडांवर अडकलेला मांजा उद्या काढायचा, विशेषतः ओढ्याकाठच्या बाभळींवरचा. तिथे बगळ्यांचा रातथारा, म्हणजे रात्रीचा मुक्काम असतो.

१८ ऑगस्ट

तलावाच्या वाटेवरच्या विहिरीवर सुगरणींची वसाहत. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या पूर्वेकडच्या फांद्यांनाच सगळी घरटी. पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, त्याचा मारा चुकवून. नर पिवळेजर्द झालेत. बाजरीच्या पानाच्या कडेला चोचीने खाच पाडायची, टोक चोचीत धरायचं आणि उडायचं. लांब पट्टी सोलून येते. घरटं अर्धं झालं की नर त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-बिढून बघते. पसंत पडलं तरच पुढची नळी विणली जाते. न पसंत पडलेली अर्धी घरटी तशीच लोंबत राहतात.

शेतकरी सांगत होते, विहीर आता वापरात नाही, बाभूळ काढून टाकायची आहे. दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं. “बरं, पाखरं गेल्यावर बघू,” म्हणाले.

पाणी : पहिली बेचकी बुडाली.

१ सप्टेंबर

परसात सातभाईंच्या टोळीबरोबर एक परकं पोर. सातभाई सगळे मातकट, आणि हे काळपट-पांढरं, लांब शेपटीचं, डोक्यावर तुरा फुटू लागलेला. पेरूच्या खालच्या फांदीवर बसून सारखं चिरकत होतं आणि दोन सातभाई आळीपाळीने त्याच्या लालसर तोंडात किडे कोंबत होते. चातकाचं पिल्लू! जूनमध्ये तारेवर दिसला त्याचं की दुसऱ्या कुणाचं, ते कसं सांगणार; पण त्याच पाहुण्यांची पुढची पिढी आमच्या पेरूवर वाढली. लेक अभ्यास सोडून तासभर तिथेच. तिने मोजलं : वीस मिनिटांत अकरा घास.

आत्यांना दाखवलं. त्या बराच वेळ बघत होत्या. “आपल्या पोटचं न्हाई, तरी किती जीव लावलाय बघ,” एवढंच म्हणाल्या.

हे पोर महिन्या-दोन महिन्यांत एकटं आफ्रिकेकडे निघेल. वाट दाखवायला बरोबर कुणी नाही. ती वाट त्याच्यात जन्मापासूनच असते.

तलावावर हिवाळ्याचे पहिले पाहुणे आले : तुतवार, काठाच्या दगडावर, बूड खाली-वर हलवत. पाऊस अजून संपला नाही आणि उत्तरेकडून येणाऱ्यांची रीघ लागली. मनातल्या ऋतूंच्या कप्प्यांना पक्षी जुमानत नाहीत.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री

कावळा पानाला लगेच शिवला. परसाच्या वहीत डोमकावळे चार, घरकावळे दोन. चरीच्या अळूत ब्लिथचा वटवट्या आलाय. दिसत नाही, पण ‘चक्, चक्’ चालू आहे. आता मार्च-एप्रिलपर्यंत तो अळूतच.

१२ ऑक्टोबर, दसरा

नीलपंख, सूर्याचीवाडीच्या रस्त्याला, काढलेल्या बाजरीच्या रानावर. बसलेला असताना मातकट वाटतो. नाकतोड्यावर झेप घेतली आणि पंख उघडले तेव्हा दोन निळे रंग एकदम दिसले, एक गडद, एक फिका. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. मामंजी गाडी थांबवून हात जोडून उभे राहिले.

२० ऑक्टोबर

थिरथिरा आला. न्हाणीच्या मागच्या भिंतीवर, नर, छाती काळी आणि पोट-शेपटी विटकरी. शेपटी सारखी थरथरते. भिंतीवरून खाली, किडा, परत भिंतीवर; शेपटी थरथर. गेल्या हिवाळ्यातही याच भिंतीवर होता असं घरात सगळे म्हणतात. पायात कडं असल्याशिवाय ‘तोच’ असं छातीठोकपणे लिहिता येत नाही. वहीत ‘जागा तीच, भिंत तीच’ एवढं लिहिलंय.

पाणी : दुसरी बेचकीही बुडाली. तलाव तुडुंब. सांडव्यावरून पाणी.

१० नोव्हेंबर

पक्षी सप्ताह चालू आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून राज्यात हा आठवडा साजरा होतो. शाळेतली मुलं परसात बसवली, पंधरा मिनिटं, बोलायचं नाही. मग बाहेर माळावर. धनगरवाड्यावरच्या एका मुलाने दुर्बीण हातात घेण्याआधीच सांगितलं, “त्यो चंडोल वर गेला. ती माळटिटवी, हिचा आवाज बारका.” मेंढरांमागे फिरून त्याने जे कमावलंय ते आम्हाला पुस्तकातून वर्षानुवर्षं येत नाही. त्याला वहीचं एक कोरं पान दिलं, त्याच्या नावाने.

तलावावर मात्र मुलं हिरमुसली. पाणीच पाणी. मध्यावर वारकरी पक्षी आणि पाणकावळे, कडेला टिबुकल्या, बस. माझ्या रकान्याला हेच हवं होतं. तलाव भरला की माणसाला बरं वाटतं, आणि वाटावंच. २०२३ साली याच तालुक्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन पळणारी माणसं आम्ही पाहिलीत. आता कृष्णेचं पाणी उचलून येरळेवरच्या नेर तलावात आणलंय, येरळा पूर्वीसारखी कोरडी ठणठणीत राहत नाही. पण काठोकाठ भरलेल्या तलावाला उथळ कडच नसते. बुडी मारणाऱ्यांना तो चालतो, चिखलात चोच घालणाऱ्यांना नाही.

१५ डिसेंबर

आज धरणाच्या भिंतीकडे न जाता फुगवट्याच्या टोकाला गेलो. येरळा तलावात शिरते ती जागा. इथे गाळ साठून पाणी गुडघाभर, आणि बदकं सगळी इथेच! थापटे, तलवार बदकं, गडवाल, हळदी-कुंकू, चार चक्रवाक. थापट्याची चोच उलथन्यासारखी रुंद. ती पाण्यात टेकवून डावीकडे-उजवीकडे फिरवत पुढे सरकतात. एकामागे एक लागले की पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं. तलवार बदकं बूड वर करून मान बुडवतात. त्यांची मान पोचेल तेवढंच खोल पाणी त्यांच्या कामाचं. म्हणजे तलाव भरलेला असतानाही उथळ कड शोधली तर सापडते, आणि पक्ष्यांनी ती आमच्या आधी शोधलेली असते. आता फुगवटा ही पाचवी जागा.

अंधार पडताना पट्टकादंब आले. डोक्यावरचे दोन काळे पट्टे संधिप्रकाशातही ओळखू येतात. साठेक असतील. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. ७,००० मीटरहून जास्त उंचीवरून उडाल्याच्या नोंदी आहेत. तलावावर न थांबता ते सरळ हरभऱ्याच्या रानात उतरले. रानवाले दादा पत्र्याचा डबा वाजवत आले. “एवढ्या लांबनं आल्यात ते खरं, पर माझा हरभरा कुणी द्यायचा?” त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेतलंय. पक्षी मोजणाऱ्याने हरभराही मोजायला हवा. पुढच्या खेपेला कोवळे शेंडे किती खाल्ले ते ओळीओळीने बघायचं आहे.

१९ जानेवारी २०२५

आशियाई पाणपक्षी गणना. १९८७ पासून दर जानेवारीत होते. आमच्याकडून तलावाचा आकडा या महिन्यातला. मोजताना थवा दहा-दहाच्या घासात तोडायचा; आधी एका दहाचा आकार डोळ्यात बसवायचा, मग तोच पुढे सरकवत न्यायचा. सकाळी धुकं असल्याने नऊनंतर सुरुवात. वारकरीच ३०० च्या वर.

पाणी : दुसरी बेचकी वर आली. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलंय.

परतताना जोंधळ्याच्या रानांवर भोरड्या. कणसं हुरड्यात आहेत. थवा एकदम उठतो, वळतो, काळा होतो, परत वळतो, गुलाबी होतो, आणि पुढच्या रानात पडतो. मचाणावरून गोफण सुटते. राखणीला सगळं घर रानात. भोरडी मध्य आशियातल्या तिच्या विणीच्या मुलखात टोळ खाते आणि तिथल्या शेतकऱ्याला हवीशी असते. इथे तिला शिव्या. दोन्ही ठिकाणी पक्षी तोच.

१६ फेब्रुवारी

परसातली जागतिक पक्षी गणना, चार दिवस, १४ ते १७. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, भारत २०१३ पासून सामील. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी बसायचं आणि दिसेल-ऐकू येईल ते ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचं. आम्ही जूनपासून तेच करतोय, फक्त या चार दिवसांत आमचं परस जगाच्या नकाशावर चढतं.

आजची पंधरा मिनिटं : लालबुड्या बुलबुल ४, साळुंक्या ३, दयाळ १ (नर, गातोय), शिंपी २, सातभाई ७, होले २, तांबट १ (आवाज, ‘टुक-टुक’ याच आठवड्यात सुरू झाली), थिरथिरा १, भारद्वाज १, जांभळा शिंजीर १ जोडी.

शिंजिराचं लिहायलाच हवं. नोव्हेंबरात नर मादीसारखाच फिका झाला होता, गळ्याखाली फक्त एक काळी रेघ. जानेवारीत रेघ रुंदावली, पोटावर काळे डाग पडले. आज तो पूर्ण चढलाय. जास्वंदीवर ऊन पडलं तेव्हा आधी काळा, मग निळा, मग जांभळा दिसला. जास्वंदीच्या फुलात तो तोंडाने शिरत नाही, देठाजवळ बाहेरून चोच खुपसतो आणि मध ओढतो. फुलाचं काम न करता फुलाचा मध.

९ मार्च

आले.

पाणी : पहिली बेचकी पूर्ण उघडी, खाली वीतभर खोडही ओलं दिसतंय. बाभळीपासून आत लांबवर पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. त्यात रोहित, ४२. त्यात करडी पोरं ९.

मासे धरणारे दादा काठावर जाळं सोडवत होते. मला बघून हसले.

“ताई, म्हणलं नव्हतं? पाणी उतरल्याबिगर ही उतरायची न्हाईत.”

“दादा, मग गेल्या साली का नाही आली?”

“गेल्या साली पाणी हुतं कुठं? पार चिखल वाळून भेगा. त्यांला खायाला काय, ढेकळं?”

नऊ महिने रकाना भरून मी ज्या उत्तरापाशी पोचत होते ते त्यांनी दोन वाक्यांत दिलं. पाणी जास्तही चालत नाही, संपलेलंही चालत नाही. पहिली बेचकी ते मूळ, या पट्ट्यात पाणी रेंगाळलं पाहिजे, आणि रेंगाळलं पाहिजे ते आठवडेच्या आठवडे, म्हणजे गाळात किडे-अळ्या धरतात.

काठापासून दीडशे पावलांवर दुसऱ्या एका बाभळीच्या आडोशाला बसले. रोहित मान खाली घालतो तेव्हा डोकं पार उलटं होतं, वरची चोच खाली जाते. जिभेने पाणी आत ओढतो, बाहेर ढकलतो. चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत खाणं अडकून राहतं. त्याआधी पाय. एका जागी पाय नाचवत तो गोल फिरतो आणि गाळ वर आणतो. एकेकाच्या भोवती गढूळ पाण्याचं रिंगण तयार होतं. रिंगणं दुर्बिणीतून मोजता येत होती. अंगावरची लाली त्याच्या खाण्यातून येते. करड्या पोरांची लाली अजून व्हायची आहे. यांची मोठी विणीची जागा कच्छच्या रणात आहे. ही नऊ तिथलीच असावीत असं मला वाटतं.

अकराच्या सुमारास दोन गाड्या आल्या. एकाने ड्रोन उडवला. सगळा थवा एका वेळी उठला, पंखांची आतली लाल-काळी बाजू दिसली, आणि गाडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो छान आला असेल. पण पक्ष्याने दिवसभर पाय नाचवून जे मिळवलं ते एका उड्डाणात खर्च होतं, आणि दोन-तीनदा उठवलं की ते दुसरा तलाव बघतात. दादांनी होडीच्या वल्ह्याने खुणावून त्यांना खडसावलं. मी जाऊन समजावलं, ऐकलं त्यांनी. तास-दीड तासाने थवा परतला, पण पलीकडच्या काठाला. २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या मायणीचा परिसर पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव जाहीर झालाय. येरळवाडीच्या काठावरही एक पाटी लावता आली तर लावायची : ‘पाण्यात उतरू नका, ड्रोन उडवू नका, लांबून बघा.’

३० मार्च, गुढीपाडवा

कोकिळ पहाटे साडेचारपासून. लिंब फुलाला आलाय.

परसात पाण्याचे दोन परळ ठेवलेत, एक खाली सावलीत, एक पेरूच्या फांदीला टांगून. मातीचे, पसरट. दोन बोटांपेक्षा जास्त पाणी भरायचं नाही आणि मधे एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत आणि शिंप्यालाही उभं राहता येतं. रोज राखेने घासायचा. शेवाळलेल्या पाण्यातून पक्ष्यांना रोग लागतात, त्यापेक्षा परळ न ठेवलेला बरा. मांजर दबा धरेल अशी झुडपं परळाच्या शेजारी नकोत.

दुपारी एक ते तीन सगळ्यात गर्दी. आज सातभाईंनी अंघोळ केली, सगळे एकदम, परळ रिकामा.

२० एप्रिल

टिटव्यांची दोन घरटी सापडली. एक गाळपेरीच्या (पाणी ओसरलेल्या गाळात केलेल्या पेरणीच्या) कडेला, ओलाव्यापासून वीसेक पावलांवर. दुसरं वर मुरमाड उंचवट्यावर. घरटं म्हणजे खळगा, भोवती खडे, चार अंडी टोकं आत करून. दोन पावलांवरून दिसत नाहीत.

दुपारी पारा चाळिशीच्या पुढे. वरच्या घरट्याची टिटवी उठून पाण्याकडे चालत गेली, पोट पाण्यात बुडवलं, पिसं चांगली भिजवली आणि परत येऊन अंड्यांवर बसली. अर्ध्या तासाने जोडीदाराशी पाळी बदलली, त्यानेही तेच केलं. उन्हाळ्यात टिटवी उब द्यायला बसत नाही, गारवा द्यायला बसते.

मासेवाले दादा आणि मामंजी यांचं यावर बोलणं झालं. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, खाली घातली की कमी, असं जुने लोक मानतात. “यंदा दोन्हीकडं घातल्यात,” दादा म्हणाले, “आता कुणाचं धरायचं?” मामंजी म्हणाले, “दोन्ही लिहून ठेव. जून झाल्यावर बघू.”

रोहित : १७. पाणी मुळापाशी.

२७ मे

असा मे कुणी पाहिला नाही. चार दिवस फलटण, माण, खटाव पावसाने झोडपलं. काल, २६ तारखेला, मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. ओढे दुथडी भरले. आज रस्ता उघडल्यावर तलावावर गेलो. गाळपेरीची कड पाण्याखाली. खालचं घरटं गेलं. टिटव्यांची जोडी त्या जागेवर घिरट्या घालत ओरडत होती. वरच्या उंचवट्यावर टरफलंही नाहीत. त्या अंड्यांतून पावसाच्या आधीच पिल्लं निघाली होती, तीन मी १८ तारखेला पाहिली. आज त्यातली दोन दिसली, आईच्या पोटाखाली पाय तेवढे बाहेर.

शेकाट्यांची घरटीही वाहून गेली. नदी सुरय चार, भिरभिरत होते, बसले नाहीत. टिटवी परत अंडी घालते, तिला अजून वेळ आहे. सुरयांचं सांगता येत नाही.

रोहित नाहीत. पहिल्या पावसाच्या रात्रीच गेले असावेत.

परसात शिंप्याचं घरटं तगलं. पानाचं टोक वर झाकणासारखं राहिलंय, पाणी आत गेलं नाही.

८ जून

चातक ३ जूनला. गेल्या साली तलावाच्या वाटेवर २३ जूनला दिसला होता. दोन वर्षांच्या तारखांवरून काही म्हणता येत नाही, म्हणून तारखा लिहीत राहायचं.

टिटवीने पुन्हा अंडी घातलीत, आता आणखी वर, बांधावर.

पाणी : पहिली बेचकी बुडाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात! हिवाळ्यात पाणी उतरायला उशीर लागेल, म्हणजे रोहितही उशिरा, एप्रिलच्या तोंडाशी, असा माझा अंदाज. खरा ठरतो का ते रकाना सांगेल.

गाळपेर करणाऱ्या तिघांशी बोलणं झालं. पाणी जसं मागे सरेल तसे ते मागोमाग नांगर घालतात आणि चिखलाची कड पक्ष्यांच्या वाट्याला येतच नाही. पाण्यालगतची वीस पावलं एप्रिलअखेरपर्यंत मोकळी सोडा, एवढीच विनंती. दोघे हो म्हणाले. तिसरे म्हणाले, त्यांच्या वाट्याला एकूणच पट्टा अरुंद आहे, वीस पावलं सोडली तर उरतं काय. त्यांच्यासाठी दहा धरलीत. मासेवाले दादा तुटकी जाळी काठावर न टाकता घरी नेतात. बाकीच्यांना तेच सांगणार आहेत.

या वर्षी करायचं :

बाभूळ किती दिवस टिकेल भरवसा नाही. काठावरच्या एका पक्क्या दगडावर बेचक्यांच्या उंचीच्या खुणा उतरवून घ्यायच्या, पाणी आणखी चढायच्या आत.

धनगरवाड्यावरच्या मुलाने त्याच्या पानावर माळावरच्या पक्ष्यांची नावं लिहून आणलीत, आवाजासकट. ती नवी वही त्याची. माळ हा तिसरा भाग.

हरभऱ्याच्या ओळी डिसेंबरात.